डावा पाय काय करतो?

३ नोव्हेंबर

प्रिय मामा,

बसून वाच. आणि चष्मा लावून वाच. दुकानभर चष्मे असून तू स्वतःचा शोधत फिरतोस, म्हणून आधीच सांगते. मी माझी पिवळी विकली आणि विजेवर चालणारी गाडी घेतली.

मामीला पाणी आणायला सांग आणि मग पुढचं वाच. वरच्या मजल्यावरच्या बाईला जुळी झाली आहेत. मला हॉस्पिटलातून पहाटे बोलावणं येतं, मी पिवळी चालू करते आणि ती दोन्ही बाळं एका सुरात रडायला लागतात. मी भूल देणारी डॉक्टर. दिवसभर लोकांना झोपवायचं आणि पहाटे अख्खी इमारत उठवायची, हा काय न्याय झाला? त्या बाईने भांडण काढलं असतं तर मीही भांडले असते. पण ती नुसती बाल्कनीत बाळ थोपटत उभी राहायची आणि माझ्याकडे बघायची. तेवढ्याने मी खलास झाले.

गाडी बघायला गेले ती नाक मुरडतच. शोरूममधला माणूस शेजारी बसून बॅटरीबद्दल काहीतरी सांगत होता. मी पाय दाबला आणि त्याचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. माझं पोट मागच्याच चौकात राहिलं. पिवळी तेवढं पळायला निदान दम घ्यायची, ही दम घेतच नाही.

घाबरू नकोस, डबा नाही आणलेला. बसकी आहे, रुंद आहे, दोनच दारं आहेत. तू शिकवलेलं सगळं हिलाही लागतं: वळणाआधी ब्रेक, वळणात धीर, वळण संपलं की पाय. जानेवारीत तुझ्या वाढदिवसाला दर वर्षीसारखं डोंगरावर जायचंच. टॉवरपर्यंत. तुझी जुनी गाडी बयो पुढे, मी मागे.

तुझी,
ठिणगी


१२ नोव्हेंबर

ठिणगे,

पत्र मिळालं. पाणी प्यालो. मामी म्हणाली, पोरीने लग्न मोडल्याचं कळवलं असतं तरी एवढा चेहरा पडला नसता तुझा. खरं आहे.

पिवळी मी तुला शोधून दिली होती. दोन गल्ल्या पलीकडून तिचा आवाज ऐकून मी मामीला चहा टाकायला सांगायचो. आणि तुझं नाव ठिणगी मी ठेवलं ते काय उगाच? इंजिनात ठिणगी पडते म्हणून गाडी चालते. आता तू अशी गाडी आणलीस जिच्यात ठिणगीच पडत नाही. काय बोलणार, हात टेकले.

आवाजाबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. लिहिणार कुठून? परवा आमच्या रस्त्यावरून तसली एक गाडी गेली. आत काही न घालता मिक्सर चालू करावा, तसा आवाज. तुझ्या गाडीचं नावही मी मिक्सरच ठेवलंय. आणि क्लच नाही म्हणे तिला. मग डावा पाय काय करतो? बसून राहतो? पाहुण्यासारखा?

माझंही ऐक. बयोचं सगळं उतरवायला घेतलंय. इंजिन, ब्रेक, चाकांच्या बेअरिंगा, सगळं धुऊन पुसून नव्यासारखं करणार. दुपारी दुकान बंद करतो आणि जेवून गॅरेजमध्ये उकिडवा बसतो तो दिवेलागणीलाच उठतो. मामीने स्टूल आणून दिलं, त्याच्यावर मी पाने ठेवलेत. उकिडवं बसल्याशिवाय माझा हात पोचत नाही आणि डोकंही चालत नाही.

जानेवारीत बघूच डोंगरावर कोण कोणाच्या मागे राहतं.

मामा


४ डिसेंबर

प्रिय मामा,

नाव आवडलं. हॉस्पिटलातही सगळे आता मिक्सरच म्हणतात, त्यामुळे तुझं अभिनंदन.

मिक्सरबरोबरचा संसार सांगते. चार्जिंगची जागा हॉस्पिटलात एकच आहे आणि ती मिळवण्यासाठी हाडांचे सर्जन आणि मी सकाळी एकमेकांच्या आधी पोचायला धडपडतो. हाडांचा माणूस एवढ्या लवकर कामावर येतो याचं सगळ्यांना कौतुक आहे, कारण फक्त मला माहीत आहे. थंडीत बॅटरी भराभर उतरते. पहिल्या आठवड्यात घरापासून थोडं अलीकडे आकडा इतका खाली आला की मी हीटर बंद करून, कोट घालून, कुडकुडत चालवली. पिवळी पेट्रोलसाठी कुठेही थांबायची. हिच्यासाठी आधी विचार करावा लागतो, आणि विचार करायची मला सवय नाही हे तुला माहीतच आहे.

चालवायला मात्र बहार आहे. एकाच पायाने चालते, खोटं नाही. दाबला की पळते, सोडला की आपणच हळू होते, थांबतेसुद्धा. ब्रेकला क्वचितच हात, म्हणजे पाय, लावावा लागतो. आणि ती शांतता, मामा. दारातलं नाणं वाजतं, पाण्याची बाटली सीटखाली लोळते ते ऐकू येतं, वळणात आपणच श्वास रोखून धरलाय हेही कळतं. एक दिवस मागून खुळखुळ यायला लागली. नवी गाडी आणि खुळखुळा, म्हणून कंपनीला तक्रार करणार होते. नंतर कळलं, माझ्याच पर्समधल्या गोळ्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: डाव्या पायासाठी एक छोटी तिरकी पायरी आहे, तो तिथे टेकून आराम करतो. पहिले काही दिवस बिचारा क्लच शोधत होता. टक टक करून त्या पायरीवर आपटायचा. आता शहाणा झालाय.

पिवळीची आठवण म्हणशील तर मुळीच येत नाही.

जानेवारीची सुट्टी टाकून ठेवलीय.

तुझी,
ठिणगी


३ जानेवारी

ठिणगे,

बयो जुळवून झाली. रविवारी सकाळी चालू केली तर कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाईकाला साबण लावलेला तसाच सोडून बाहेर आला आणि हात करून गेला. असं गातंय इंजिन. तुझ्या नाकावर टिच्चून सांगतो, या वयात तिचा गळा जास्तच मोकळा झालाय.

वाढदिवसाचं मात्र या वर्षी राहू दे. टॉवरचा रस्ता खणलाय असं ऐकतो. थंडीही फार आहे. शिवाय दुकानात गर्दी आहे, सुट्ट्यांत लोक चष्म्यांवर बसतात आणि मग माझ्याकडे येतात. आणि खरं सांगू का, बयोने तुझ्या मिक्सरबरोबर एका रस्त्यावर जावं हे मनाला पटत नाही. तू तुझ्या गाडीत सुखी आहेस, मी माझ्या. झालं.

मामी ठीक आहे. तुला आशीर्वाद सांगितलाय.

मामा

ता. क. एका पायाने खरंच सगळं होतं? चढावरही? सहज विचारलं.


२० जानेवारी

मामा,

तुझ्या वाढदिवसाला मी एकटीच टॉवरपर्यंत जाऊन आले. रस्ता खणलेला नाही. थंडी होती, पण दर वर्षी असते आणि दर वर्षी तू मफलर गुंडाळून निघतोस. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तूच मला लायसन्सच्या परीक्षेच्या वेळी ऐकवली होतीस.

रागावला असशील तर सरळ रागव. मिक्सर म्हण, आणखी काही म्हण, मी हसेन. पण गाडी बदलली म्हणून तू मला भेटणंच सोडणार असशील तर मला ते सोसणार नाही. वडील गेल्यावर मी कोणाच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायला शिकले? आणि त्या माणसाला आता माझ्याबरोबर एका रस्त्यावर जायची लाज वाटते.

आणखी एक, कारण खोटेपणाचा मला कंटाळा आलाय. पिवळीची आठवण येते. खूप येते. गाडी विकल्यावर काही दिवस मी चालवताना तोंडाने आवाज काढत होते, लहानपणी जेवताना काढायचे तसा. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने पाहिलं. नवी गाडी मला आवडते, हेही खरं, आणि जुनीसाठी रडू येतं, हेही. हे मी जगात फक्त तुलाच सांगू शकते आणि तूच दार लावून बसला आहेस.

ठिणगी


२६ जानेवारी

चि. ठिणगीस,

तुझं पत्र वाचून तो गॅरेजमध्ये जाऊन बसला तो जेवायलाही आला नाही. मी जास्त लिहीत नाही, मी त्याला वचन दिलंय की सांगणार नाही म्हणून. पण तुला घरी बोलावणार नाही असं वचन मी दिलेलं नाही. एखाद्या सकाळी ये, तो दुकानात असतो तेव्हा.

मामी


३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

शनिवारी मी तुझ्या घरी येऊन गेले. मामीवर चिडू नकोस, तिने तोंड उघडलं नाही. ती चहा टाकायला आत गेली आणि मला म्हणाली, जा, बयोला बघून ये.

बघितली. बॉनेटमध्ये तोंड दिसतंय इतकी लख्ख. इंजिनाच्या खोलीत जेवायला बसावं. पण मामा, चाकं? खाली टेकलेल्या जागी चारही टायर चपटे पडलेत. तूच मला शिकवलंस की उभी राहिलेली गाडी टायर सांगतात. बयो त्या जागेवरून हललेलीच नाही. तू रविवारी तिला चालू करतोस, गावाला गाणं ऐकवतोस आणि बंद करतोस. बयोबद्दल तू पत्रात कुठेही खोटं लिहिलं नाहीस, मी परत काढून वाचलं. "चालू केली" लिहिलंस. "चालवली" असं मीच वाचलं.

परत निघताना दारात तुझे जुने बूट दिसले. उजवा चांगला आहे. डाव्याचं टोक घासून पांढरं पडलंय. हे गाडीवाल्या भाचीने नाही, डॉक्टर भाचीने पाहिलं. पंजा उचलला जात नाही ना? चालताना घासतो. आणि क्लचवर नेताना पेडलखाली अडकतो.

म्हणजे तू माझ्यावर रागावला नव्हतास. मला किती बरं वाटलं, हे तुला सांगता येणार नाही, आणि तरी तो बूट हातात घेऊन मी तिथेच पायरीवर बसले. कधीपासून आहे? आणि मला, मला का नाही सांगितलंस?

तुझी,
ठिणगी


८ फेब्रुवारी

ठिणगे,

टायर माझ्या लक्षातच आले नाहीत. एवढं सगळं पुसलं आणि पायाखालचं राहिलं.

सुरुवात डिसेंबरात झाली. बयोला पहिल्यांदा बाहेर काढत होतो, क्लच दाबायला पाय नेला तर पंजा वर यायलाच तयार नाही. पेडलखाली रुतून बसला. गाडी गचके खात भिंतीला टेकायच्या बेतात आली. हाताने पाय ओढून काढला, उतरलो, दार लावलं. मामीला तेव्हा वाटलं मी पेट्रोल आणायला विसरलो; खरं तिला नंतर कळलं आणि मी तिच्याकडून वचन घेतलं.

तुला का नाही सांगितलं म्हणतेस. तुझ्या थोरल्या मामाचं कसं सुरू झालं, तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. दादाचाही असाच आधी डावा पंजा गेला. चप्पल पायातून निसटायची आणि आम्ही हसायचो. पुढच्या वर्षी तो खुर्चीत होता, आणि नंतर त्याला घास भरवायला मीच जायचो. तुला सांगितलं असतं तर तू तपासायला नेलं असतंस, आणि तपासलं की कळतं. झाकली मूठ बरी वाटली मला. जोपर्यंत कोणी नाव घेत नाही तोपर्यंत तो नुसता पाय असतो.

तुझ्या गाडीला नावं ठेवली ती सुरुवातीला मनापासून. नंतर नाही. नंतर तू एका पायाने चालते असं लिहिलंस आणि ते पत्र मी दुकानात खिशात घेऊन फिरलो. पण आयुष्यभर पेट्रोलचा वास घेतलेला माणूस, पाय गेला म्हणून मिक्सरमध्ये बसणार, आणि तेही तुझ्यासमोर. जमेना.

बयोला पुढच्या रविवारी एक जण बघायला येतोय. चांगला माणूस आहे, ऐकताना डोळे मिटतो. तिला असं उभं ठेवणं मला बघवत नाही.

मला भीती वाटते, पोरी. एवढंच आहे.

मामा


२७ फेब्रुवारी

माझी ठिणगी,

तू आलीस, मला गाडीत कोंबलंस आणि थेट त्या मज्जातंतूंच्या डॉक्टरसमोर नेऊन बसवलंस. हे सगळं तुला माहीत आहे. पण तुला ऑपरेशनला बोलावलं आणि तू मधेच गेलीस, ते पुढचं तुला मामीने फोनवर रडत रडत सांगितलं, म्हणजे काही कळलं नसणार. म्हणून नीट लिहितो.

त्यांनी आधी माझ्या दोन्ही पायांना विजेचे झटके दिले. म्हणजे शेवटी मीही विजेवर चाललोच. मग सुया टोचून एकेक स्नायू ऐकला. हो, ऐकला. त्यांच्या यंत्रातून खरखर आवाज येतो आणि ते मान तिरकी करून ऐकतात, मी इंजिन ऐकतो तसे. तिथे मला त्यांच्यावर विश्वास बसला. हात ऐकले, पाठ ऐकली, उजवा पाय ऐकला. सगळं स्वच्छ. मग त्यांनी माझ्या डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही फार वेळ उकिडवे बसता का?"

मी काही बोलायच्या आत मामी हसायला लागली. अशी हसली की नर्स आत डोकावून गेली. हसता हसताच ती बाहेर गेली आणि भिंतीला टेकून रडली.

दादाचा आजार नाही, ठिणगे. तो नाहीच. गुडघ्याजवळ एक शीर असते, पंजा उचलणारी. मी तुझ्या मिक्सरला हरवायच्या नादात अख्खा महिना बयोपुढे उकिडवा बसलो आणि ती शीर दाबून टाकली. येईल परत, म्हणाले, काही महिने लागतील, बसायचं ते स्टुलावर. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. रस्त्यावर आल्यावर मी एका अनोळखी माणसाला त्याचा चष्मा वाकडा बसलाय असं सांगून तिथेच सरळ करून दिला. काहीतरी चांगलं करावंसं वाटत होतं.

बयोच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, मला वाटलंच होतं.

आता दुसरं. तू त्या संध्याकाळी ऑपरेशन आटोपून आम्हाला घरी सोडलंस, मी रस्ताभर घोरत होतो, आणि किल्ली आमच्या टेबलावर ठेवून तू बसने निघून गेलीस. मी किल्लीकडे बघायचं नाही असं ठरवलं. दोन दिवस बघितलं नाही. मग मामीला भाजी हवी होती. भाजीची दुकानं आमच्या समोरच आहेत, तरी आम्ही गाडी काढली आणि नदीच्या पलीकडे गेलो. डॉक्टरांना विचारलं होतं, उजवा पाय ठणठणीत आहे, चालवा म्हणाले.

पहिल्यांदा पाय दाबला तेव्हा मामी म्हणाली, माझी टोपली मागे गेली. मी दुसऱ्यांदा दाबला. मग तिसऱ्यांदा. मग ती म्हणाली, आता पुरे, म्हणजे आणखी एकदाच. न्हाव्याने आम्हाला पाहिलंच नाही, आवाज नाही ना. हे एक दुःख आहे. पण मामी आणि मी रस्ताभर बोलत होतो. बयोत इतकी वर्षं ती काय बोलत होती कोण जाणे, मी नुसती मान हलवायचो.

डाव्या पायाला रोज सकाळी सांगतो, ऊठ. उठत नाही. असो. येईल तेव्हा येईल.

मामा


२१ एप्रिल

प्रिय मामा,

काल डोंगरावरून आल्यावर तुला मी काही बोलले नाही, कारण बोलायला तोंड उघडलं असतं तर रडले असते आणि मामीला उगाच काहीतरी वाटलं असतं. म्हणून घरी येऊन लिहितेय.

आधी तक्रार. माझी गाडी आहे आणि तू मला किल्लीला हात लावू दिला नाहीस. चार्जिंगला थांबलो तिथे तू एका अनोळखी माणसाला तासभर सांगत होतास की थंडीत बॅटरी कशी जपावी. तू. मिक्सर हे नाव ठेवणारा. तो माणूस तुला काका, तुम्ही किती वर्षं चालवताय असं विचारत होता आणि तू बेशरमपणे हसलास.

मी तुझ्या शेजारी बसून डोंगर कधी चढलेच नव्हते. नेहमी मागून बयोचे दिवे बघायचे. काल मी तुझे हात पाहिले. वळणाआधी तू मनात काहीतरी म्हणतोस, ओठ हलतात. पंजा वर धरायला डॉक्टरांनी दिलेली पट्टी रुततेय म्हणून तू काढून मागच्या बाजूला टाकली होतीस. पायाबद्दल तू बोलत नव्हतास. मामी म्हणाली, आता त्याने सकाळी पायाला ऊठ म्हणणंही सोडून दिलंय. म्हणून मीही विचारलं नाही.

टॉवरच्या आधीची ती लागोपाठची वळणं आली, जिथे बयोत तू सारखा गिअर बदलतोस. तिथे मला आवाज आला. टक. मला वाटलं बाटली असेल. पुढच्या वळणाला परत, टक, टक. मी दाराचा कप्पा दाबून पाहिला, पर्स चाचपली. वाटलं, गाडीत खुळखुळा झाला, आता कंपनीकडे न्यावी लागणार. वैतागून खाली वाकून पाहिलं.

तुझा डावा पाय होता, मामा. प्रत्येक वळणाआधी पंजा वर यायचा आणि त्या छोट्या पायरीवर पडायचा. थोडासाच वर यायचा, पण स्वतःचा स्वतः यायचा. तू समोर रस्त्याकडे बघत होतास, तुला पत्ताही नव्हता. आपण बयोत असतो तर मलाही पत्ता लागला नसता, एवढ्याशा आवाजाला तिथे कोण विचारतं.

मी सीटवर सरळ होऊन रस्त्याकडे बघितलं. बोलले असते तर तू खाली बघितलं असतंस आणि पुढे वळण होतं.

आज दुपारी डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, हेच हवं होतं, आता वाढतच जाईल.

तू मला विचारलं होतंस ना, डावा पाय काय करतो म्हणून? तुझा क्लच शोधतोय. बयोला टायर नवे घाल.

तुझी,
ठिणगी